पूर-भूकंपानंतर पाठवलेली मदत नेमकी जाते कुठे? फसवणूक आणि वाया जाणारी मदत कशी टाळायची?

नदीने इशारा पातळी ओलांडली की काही तासांत मोबाईलवर मेसेज यायला लागतात. 'पूरग्रस्तांसाठी जुने कपडे द्या', 'या नंबरवर पैसे पाठवा', 'आई-वडील गेलेल्या दोन महिन्यांच्या बाळाला घर हवंय, कृपया पुढे पाठवा'.

यातला प्रत्येक मेसेज खोटा नसतो. पण प्रत्येक मेसेज खराही नसतो.

मदत करण्यात महाराष्ट्र मागे नाही. १९९३ चा किल्लारीचा भूकंप असो, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर असो की २०२५ च्या सप्टेंबरमधली मराठवाडा आणि सोलापूरची अतिवृष्टी, राज्याच्या कानाकोपऱ्यातून टेम्पो भरून मदत गेली. प्रश्न आहे तो पुढचा. त्या टेम्पोतलं सामान कुणाला मिळालं? ऑनलाईन पाठवलेले पाचशे रुपये कुणाच्या खात्यात गेले? आणि सहा महिन्यांनी, बातम्या थांबल्यावर, त्या गावात काय चाललं होतं?

जगभरातल्या मोठ्या आपत्तींचा अनुभव सांगतो की मदत तीन प्रकारे भरकटते. ती चोराच्या हाती पडते, नको त्या वस्तूंच्या रूपात जाते, किंवा गरज असते तेव्हा जातच नाही. या तिन्ही गोष्टी कशा घडतात आणि आपण काय करू शकतो, ते समजून घेऊया.

जुन्या कपड्यांचं काय होतं?

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, विशेषतः नागपट्टिणम भागात, देशभरातून कपड्यांचे ट्रक आले. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी यातले बरेचसे कपडे घ्यायला नकार दिला. आदल्या दिवशीपर्यंत स्वतःच्या कमाईवर जगणारी ही माणसं होती. कुणीतरी वापरून टाकलेले, फाटके, त्यांच्या पेहरावाशी संबंध नसलेले कपडे त्यांना नको होते. शेवटी हे कपडे रस्त्याच्या कडेला ढीग होऊन पडले आणि ते उचलण्याचं काम प्रशासनाच्या डोक्यावर आलं.

'गूंज' या संस्थेने यातले बरेच कपडे गोळा करून, निवडून त्यांचा पुनर्वापर केला. या संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण प्रत्येक आपत्तीनंतर असं निवडणारं कुणी तिथे असतंच असं नाही.

१९९८ मध्ये मध्य अमेरिकेत मिच चक्रीवादळ आलं. अमेरिकी सरकारच्या मदत विभागात काम केलेल्या हुआनिता रिलिंग यांनी त्या वेळचा एक अनुभव सांगितला आहे. होंडुरासमध्ये अत्यावश्यक सामान घेऊन आलेलं विमान उतरू शकत नव्हतं, कारण धावपट्टीवर दान म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते.

असं का होतं, ते साधं आहे. एक ट्रक आला की तो रिकामा करायला माणसं लागतात. आत गाठोडी असतात, त्यात लहान मुलांचे स्वेटर, पुरुषांच्या पँट आणि साड्या एकत्र कोंबलेल्या असतात. साडी येते, पण परकर आणि ब्लाऊज येत नाहीत. अंतर्वस्त्रं आणि सॅनिटरी पॅड तर क्वचितच येतात. हे सगळं वेगळं करायला कोरडी जागा आणि हात लागतात. आणि त्या दिवशी तेच हात पाणी वाटण्यासाठी, गाळ काढण्यासाठी हवे असतात. मदतकार्यात काम करणारे लोक याला 'दुसरी आपत्ती' म्हणतात.

औषधं आणि दूध पावडर पाठवणंही चूक आहे का?

न विचारता पाठवली तर धोक्याचं आहे.

डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य आलं. नंतरच्या पाहणीत दिसलं की लगेच ओळखून वापरता येतील अशी औषधं जेमतेम ३० टक्के होती. ११ टक्के निरुपयोगी होती आणि ८ टक्क्यांची मुदत संपली होती. या साठ्याचा नीट अंदाज येण्यासाठी ५० जणांना सहा महिने लागले. अशाच अनुभवांनंतर जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या दानासाठी नियम केले. पोहोचताना औषधाची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, हा त्यातला एक नियम. घरात उरलेल्या गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या पाठवणं या नियमात कुठेच बसत नाही.

तान्ह्या बाळांच्या दूध पावडरीचं प्रकरण आणखी गंभीर आहे. मे २००६ मध्ये इंडोनेशियात योग्याकार्ता भागात भूकंप झाला, तिथे पावडरचे डबे मोठ्या प्रमाणावर वाटले गेले. नंतरच्या अभ्यासात आढळलं की दान म्हणून आलेली पावडर मिळालेल्या लहान मुलांमध्ये जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्या मुलांच्या दुपटीच्या आसपास होतं. कारण पावडर कालवायला स्वच्छ पाणी लागतं, बाटली उकळायला इंधन लागतं. पुरात आणि भूकंपात नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. शिवाय डबा हातात आला की अंगावर पाजणं कमी होतं, आणि डबा संपल्यावर आईचं दूधही आटलेलं असतं. म्हणून युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना अशी पावडर सरसकट वाटू नका, असं वारंवार सांगतात. आईला पोटभर जेवण आणि पाजायला आडोसा मिळणं ही बाळासाठी जास्त मोठी मदत असते.

एका गावाला भरपूर, दुसऱ्याला काहीच नाही, असं का?

मदतीचा टेम्पो सहसा रस्ता संपतो तिथे थांबतो. महामार्गाला लागून असलेल्या, ज्याचे फोटो टीव्हीवर आले त्या गावात एकामागून एक गाड्या येतात. पूल वाहून गेलेल्या आतल्या वस्तीवर कुणी पोहोचत नाही.

हेच देशांच्या पातळीवरही होतं. २००४ च्या त्सुनामीनंतरच्या मदतकार्याचा एक मोठा आंतरराष्ट्रीय आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार त्सुनामीसाठी प्रत्येक बाधित माणसामागे ७,००० डॉलरहून जास्त निधी जमला. त्याच वर्षी बांगलादेशात आलेल्या पुरात प्रत्येक बाधितामागे खर्च झाले साधारण तीन डॉलर. दोन्ही आपत्ती एकाच वर्षातल्या. पण त्सुनामीचे व्हिडिओ जगाने पाहिले होते.

जास्त पैसा आला म्हणजे काम चांगलं झालं, असंही नाही. त्सुनामीनंतर मच्छीमारांना होड्या देण्याची संस्थांमध्ये चढाओढ लागली, कारण नवी होडी आणि तिच्यावरचं देणगीदाराचं नाव फोटोत छान दिसतं. श्रीलंकेत आणि इंडोनेशियातल्या आचे प्रांतात काही ठिकाणी आधी होत्या त्यापेक्षा जास्त छोट्या होड्या झाल्या. त्यातल्या अनेक कच्च्या बांधणीच्या होत्या.

आणि गावातल्या गावातही वाटप सारखं होत नाही. त्सुनामीनंतर भारतातल्या पुनर्वसनावर ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००५ मध्ये अहवाल काढला. दलित कुटुंबांशी मदतीत भेदभाव झाल्याचं त्यात नोंदवलं आहे. आपल्याकडे पंचनामा होतो तो मुख्यतः घर आणि शेतजमिनीचा. मग ज्याच्या नावावर सातबारा नाही तो शेतमजूर, भाड्याच्या खोलीत राहणारं कुटुंब, नवऱ्याच्या नावावरच्या घरात राहणारी एकटी बाई यांचं नुकसान कागदावर सहज येत नाही. पीक वाहून गेल्यावर शेतकऱ्याचं उत्पन्न जातं, तशी मजुराची महिनोन्‌महिन्यांची मजुरीही जाते. पण मजुरीचा पंचनामा कुणी करत नाही.

पाकिटावर फोटो कशाला?

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत पूर आला तेव्हा स्वयंसेवकांनी आणलेल्या सामानावर तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांची स्टिकरं जबरदस्तीने लावली जात असल्याचे आरोप झाले. २०१९ मध्ये इचलकरंजीत पूरग्रस्तांच्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्री आणि स्थानिक आमदाराचे फोटो दिसले आणि समाजमाध्यमांवर टीकेची झोड उठली. २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात वाटलेल्या मदतीच्या पाकिटांवर पुन्हा नेत्यांचे फोटो होते. म्हणजे राज्य बदललं, पक्ष बदलले, सवय तीच राहिली.

हा केवळ चांगल्या-वाईट दिसण्याचा प्रश्न नाही. सरकारी मदत हा बाधितांचा हक्क असतो आणि तो करदात्यांच्या पैशातून येतो. त्यावर कुणाचा चेहरा लागला की तो हक्क उपकारासारखा दिसायला लागतो. मग 'आमच्या वस्तीला का नाही मिळालं?' असं विचारणारा माणूस कृतघ्न ठरतो.

नेत्यांपुरतीच ही गोष्ट नाही. किट घेताना रडणाऱ्या आजीचा व्हिडिओ काढून टाकणारी मंडळं आणि इन्फ्लुएन्सरही तेच करत असतात. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बाईला 'कॅमेऱ्याकडे बघा' म्हटल्यावर नाही म्हणायची मुभा कितीशी असते?

पैशांची फसवणूक कशी होते?

यातल्या युक्त्या फार नाहीत. ठिकाण बदलतं, पद्धत तीच असते.

पहिली, नावात किंचित बदल. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधीची घोषणा झाली आणि लगेचच त्याच्या अधिकृत यूपीआय आयडीसारखे दिसणारे खोटे आयडी फिरायला लागले. त्यातल्या एकात मूळ नावाच्या शेवटचं 'एस' हे अक्षर तेवढं गाळलं होतं. घाईत ते कुणाच्या लक्षात येणार?

दुसरी, क्यूआर कोडची अदलाबदल. मदतीच्या खऱ्या पोस्टरचा फोटो घ्यायचा, त्यावरचा कोड काढून स्वतःचा चिकटवायचा आणि पोस्टर पुन्हा फिरवायचं. ३० जुलै २०२४ ला केरळच्या वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. त्यानंतर गैरवापराची भीती लक्षात घेऊन केरळ सरकारने मुख्यमंत्री निधीसाठीची क्यूआर कोडची सोयच मागे घेतली.

तिसरी, खोटा किंवा जुना फोटो. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्की-सीरियात भूकंप झाला. एका लहान मुलाला छातीशी धरलेल्या अग्निशमन जवानाचा फोटो दाखवून क्रिप्टो चलनात पैसे मागितले गेले. बीबीसीने तपासल्यावर दिसलं की तो फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला होता. जवानाच्या उजव्या हाताला सहा बोटं होती. आता अशी चित्रं त्याहून सफाईदार बनतात, त्यामुळे बोटं मोजून भागणार नाही.

चौथी, मधला माणूस. 'मी गावात जातोय, माझ्या खात्यावर टाका, मी पोहोचवतो' असं सांगणारा खरोखर प्रामाणिक असू शकतो. पण वैयक्तिक खात्यात जमलेल्या पैशांचा हिशोब कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे घाई. 'आत्ता, लगेच, पुढच्या तासात' असं म्हटलं की माणूस तपासत नाही.

'अनाथ बाळ दत्तक द्यायचंय' या मेसेजचं काय करायचं?

हा मेसेज पुढे पाठवू नका.

मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत असे मेसेज देशभर फिरत होते. असं दत्तक घेणं-देणं बेकायदा आहे, असा इशारा सरकारी यंत्रणांना द्यावा लागला होता. भारतात अनाथ मूल दत्तक घेण्याची प्रक्रिया केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत, म्हणजे 'कारा'मार्फत चालते. बाल न्याय कायद्यानुसार मुलाची खरेदी-विक्री केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो.

हेतू चांगला असला तरी काय होऊ शकतं, याचं उदाहरण हैतीमध्ये दिसलं. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर काही आठवड्यांतच दहा अमेरिकन नागरिकांना हैतीच्या सीमेवर पकडण्यात आलं. ते ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये घेऊन चालले होते. मुलं अनाथ असल्याचं सांगितलं गेलं. नंतर कळलं की बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. चांगलं शिक्षण मिळेल या आशेने त्यांनी मुलं सोपवली होती.

आपत्तीत हरवलेलं मूल आणि अनाथ मूल यात फरक असतो. आई दुसऱ्या छावणीत असू शकते, मामा-आत्या शोधत असू शकतात. म्हणून त्सुनामीनंतर इंडोनेशियाने आचेतल्या १६ वर्षांखालच्या मुलांना देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळने परदेशी दत्तक प्रक्रिया थांबवली आणि पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले.

महाराष्ट्रात याचं वेगळं उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं. मुलांची शाळा पूर्ण होईपर्यंत म्हणजे वर्षानुवर्षं ही जबाबदारी होती. मुलांना मदत करायची तर ती इतकी लांबची असते, आणि एका फॉरवर्डमध्ये ती मावत नाही.

कॅमेरे गेल्यावर काय होतं?

शोषण करणारे बहुतेक वेळा बातम्या थांबल्यावर येतात.

आपत्तीच्या पहिल्या दिवसांत दूध, पाणी, मेणबत्त्या कित्येक पट दराने विकल्या जातात, त्याची निदान चर्चा तरी होते. खरी पिळवणूक नंतर सुरू होते. घर उभं करायला, पुढचं बी-बियाणं घ्यायला पैसे हवे असतात. बँक जुनं कर्ज दाखवते, सरकारी अनुदान यायचं असतं, सावकार मात्र दारात हजर असतो.

मे २००९ मध्ये आयला चक्रीवादळाने सुंदरबनमधल्या शेतांत खारं पाणी घुसवलं. पिकं येईनात, पुरुष कामासाठी बाहेर गेले. मग शहरात नोकरी लावतो, चांगलं स्थळ आहे, असं सांगणारे दलाल गावात आले आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या कित्येक मुली विकल्या गेल्या.

चेन्नईच्या उत्तरेला एर्नावूरमध्ये त्सुनामीग्रस्तांची वसाहत होती. तिथल्या अनेक बायकांनी पैशांसाठी किडनी विकल्याचं जानेवारी २००७ मध्ये उघड झालं. त्सुनामीला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. मूळ किनाऱ्यापासून लांब वसवल्यामुळे मासेमारी सुटली होती आणि कर्ज वाढलं होतं. ज्या आपत्तीसाठी जगाने विक्रमी दान दिलं, त्याच आपत्तीतल्या बायकांवर ही वेळ आली. त्यांना गाठोडंभर कपडे मिळाले असतील, पण उपजीविका मिळाली नव्हती.

नावाजलेल्या संस्था आणि सरकार, यांच्यावर तरी विश्वास ठेवायचा का?

ठेवायचा, पण हिशोब मागून.

हैतीच्या भूकंपासाठी अमेरिकन रेड क्रॉसने जवळपास ५० कोटी डॉलर जमवले. २०१५ मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआर यांनी केलेल्या शोधपत्रकारितेतून समोर आलं की संस्थेने तोवर कायमस्वरूपी घरं बांधली होती फक्त सहा. संस्थेने टीका फेटाळली आणि पैसा तात्पुरता निवारा, आरोग्य, पाणी अशा कामांवर खर्च झाल्याचं सांगितलं. त्याच हैतीमध्ये ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांनी पैसे देऊन शरीरसंबंध ठेवल्याचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं आणि हैती सरकारने ऑक्सफॅमच्या ब्रिटिश शाखेला देशात काम करायला मनाई केली.

आपल्याकडे जालना जिल्ह्यात अतिवृष्टीच्या अनुदानातला सुमारे २५ कोटी रुपयांचा घोटाळा २०२५ मध्ये गाजला. ज्यांची शेती नाही अशा लोकांची नावं यादीत घालून पैसे उचलल्याचा आरोप आहे आणि तलाठ्यांसह महसूल कर्मचाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. हे लक्षात ठेवणं महत्त्वाचं आहे, कारण सरकारी मदतीचा आकडा खासगी दानापेक्षा खूप मोठा असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अतिवृष्टीग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. एवढ्या रकमेतला पैसा योग्य माणसाला मिळतो की नाही, यावर गावाने लक्ष ठेवणं ही टेम्पोभर किटपेक्षा मोठी मदत ठरू शकते.

कायदा काय सांगतो?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये याबद्दल स्पष्ट तरतुदी आहेत. कलम ५२ नुसार खोटा दावा करून मदत लाटणाऱ्याला आणि कलम ५३ नुसार मदतीचा पैसा किंवा सामान हडप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कलम ५४ नुसार आपत्तीबद्दल घबराट पसरवणारी खोटी सूचना देणं हाही गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. म्हणजे 'धरण फुटलं' असा खोटा मेसेज फिरवणं महागात पडू शकतं.

वर्गणी गोळा करण्यालाही नियम आहे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या व्यक्तीने किंवा मंडळाने धर्मादाय कामासाठी पैसे जमवायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणेश मंडळं दरवर्षी वर्गणीसाठी परवानगी घेतात ती याच कलमाखाली. 'पूरग्रस्तांसाठी' असा डबा घेऊन फिरणाऱ्याला तुम्ही हा कागद बिनधास्त विचारू शकता.

मग मदत कशी करायची?

वस्तूंपेक्षा पैसे द्या. पैशांना ट्रक लागत नाही, गोदाम लागत नाही आणि जे हवं ते जवळच्या बाजारातून घेता येतं. त्यातून बुडालेल्या तालुक्यातल्या दुकानदाराचा धंदाही पुन्हा सुरू होतो.

वस्तूच द्यायच्या असतील तर आधी फोन करा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. त्याशिवाय सरपंच, तिथली शाळा, स्थानिक संस्था यांना विचारा. काय हवंय, किती हवंय, कुठे उतरवायचं आणि उतरवून घ्यायला कोण आहे, या चार प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय गाडी काढू नका.

नव्या किंवा स्वच्छ, वापरण्याजोग्या वस्तूच द्या. प्रत्येक खोक्यात एकाच प्रकारची वस्तू भरा आणि बाहेर मराठीत नाव आणि संख्या लिहा.

खातं तपासा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीची माहिती सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या, मेसेजमधल्या लिंकवरून नाही. यूपीआयने पैसे पाठवताना बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर दिसतं, ते संस्थेचंच आहे का ते वाचा आणि मगच पिन टाका.

संस्थेला नोंदणी क्रमांक आणि पावती मागा. जुन्या करप्रणालीत देणगीवरची करसवलत घ्यायची असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोख देऊन चालत नाही आणि वस्तूरूपी दानाला ही सवलत नाही. गेल्या आपत्तीत या संस्थेने काय केलं, त्याचा खर्चाचा तपशील आहे का, हेही पाहा.

फोटो पुढे पाठवण्याआधी गुगल लेन्सवर शोधा. चार वर्षांपूर्वीच्या आसाममधल्या पुराचा फोटो आज सांगलीचा म्हणून फिरत असू शकतो. मदत मागणारा मेसेज खरा असला तरी त्यावर तारीख नसेल तर थांबा. सुटका झालेल्या माणसाच्या नंबरवर चार दिवस फोन येत राहिले की खरी गरज असलेल्यांचे फोन लागत नाहीत.

थोडी मदत राखून ठेवा. आज हजार रुपये द्यायचे असतील तर पाचशे आज द्या आणि पाचशे सहा महिन्यांनी. तेव्हा मुलांच्या फीचा, बियाण्याचा, मोडलेल्या शिलाई मशीनचा प्रश्न असतो आणि विचारणारं कुणी नसतं.

जवळच राहत असाल तर कागदाचं काम करा. वाहून गेलेलं आधार कार्ड पुन्हा मिळवून देणं, ई-केवायसी करून देणं, पंचनाम्यात राहिलेल्यांची यादी करून तहसीलमध्ये अर्ज देणं या कामांना पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो. दलाल नेमका याच कामांचे पैसे घेतात.

फसवणूक झालीच तर

ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकत जातात, त्यामुळे जितक्या लवकर कळवाल तितकी ते मध्येच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट आणि ज्या मेसेजवरून पैसे पाठवले तो मेसेज पुसू नका. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. दोनशे-पाचशे रुपयांसाठी कुणी तक्रार करत नाही, यावरच हा धंदा चालतो.

एकटं सापडलेलं किंवा कुणीतरी संशयास्पदरीत्या घेऊन चाललेलं मूल दिसलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा. त्या मुलाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. तो फोटो आई-वडिलांपर्यंत पोहोचेल की नाही सांगता येत नाही, पण ज्यांच्यापर्यंत पोहोचू नये त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचतो.